गोवर्धन कोणाच्या करंगळीवर?

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या वऱ्हाडातल्या खेड्यांतून अंगणात शेणाचा गोवर्धन मांडतात, त्यावर झेंडूची फुले खोवतात आणि मग गायी सजवून त्यावरून नेतात. गोवर्धनाची कथा वाचकांना ठाऊकच आहे. इंद्राने पाऊस पाडला, कृष्णाने करंगळीवर पर्वत उचलला आणि गोपांनी खालून आपापल्या काठ्या लावल्या. कीर्तनकार बुवा या ठिकाणी हमखास हशा मिळवतात. गोपांना वाटले, पर्वत आपल्याच काठ्यांवर तोलला आहे. देवाने करंगळी किंचित खाली घेतली आणि काठ्या कडाकडा मोडू लागल्या! श्रोते हसतात, बुक्का लावतात आणि घरी जातात.

आम्हांला मात्र त्या गोपांविषयी नेहमीच कणव वाटत आली आहे. बिचाऱ्यांनी पळ तर काढला नाही! पर्वताखाली उभे राहून काठी लावणे हेही काही थोडे धाडस नव्हे. शिवाय कृष्ण हा देव होता. ज्या करंगळ्या देवाच्या नाहीत त्यांचे काय? तेथे पर्वत कोणी उचलला असे म्हणावयाचे?

हा प्रश्न आज डोक्यात येण्याचे कारण क्रिकेट. हसू नका. मराठीच्या प्राध्यापकाने अलंकार आणि वृत्ते सोडून चेंडूफळीवर का लिहावे, असे कोणी विचारील. पण २ मार्च २०२५ रोजी नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर विदर्भाने रणजी करंडक तिसऱ्यांदा जिंकला, तेव्हापासून आमच्या प्राध्यापक-कक्षात या एकाच विषयाने इतका चहा संपवला आहे, की त्याचा हिशेब देणे आम्हांला भागच आहे.

वादाचे दोन पक्ष आहेत. आमचे गणिताचे सहकारी एकनायकवादी. त्यांचे म्हणणे असे, की खेळ अकरांचा असला तरी यश एकाचे असते. बाकीचे दहा संख्या भरण्यापुरते. इतिहासाचे सहकारी नेमके उलट. ते म्हणतात, "अहो, राजे लढाया जिंकतात असे बखरकार लिहितात. घोड्यांना चंदी कोणी घातली हे कोणी लिहीत नाही."

प्रथम गणिताच्या बाजूने बोलू, कारण ती बाजू दिसते त्याहून भक्कम आहे. विदर्भाचा संघ रणजी स्पर्धेत उतरला तो १९५७-५८ साली. त्यानंतर सहा दशके हा संघ म्हणजे इतरांनी गुण वसूल करण्याचे ठिकाण होते. अंतिम सामना हा शब्द आमच्याकडे मुंबईच्या बातम्यांत वाचावयाचा. मग २०१७ साली चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले, आणि पहिल्याच हंगामात विदर्भ अंतिम सामन्यात पोहोचला. त्याआधी कोलकात्याला कर्नाटकाविरुद्ध उपांत्य सामना झाला. पहिल्या डावात विदर्भ ११६ धावांनी मागे. शेवटी कर्नाटकाला जिंकण्यास १९८ धावा हव्या होत्या आणि ते १९२ वर सर्वबाद झाले. पाच धावांनी विजय! रजनीश गुरबानी नावाच्या, इंजिनियरिंग शिकलेल्या मुलाने दुसऱ्या डावात सात आणि दोन्ही डावांत मिळून बारा बळी घेतले. पुढे इंदूरला दिल्लीविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्यानेच ओळीने तीन चेंडूंवर तिघांचे त्रिफळे उडवले. रणजीच्या अंतिम सामन्यात अशी त्रिक्रिया त्यापूर्वी एकदाच, १९७२-७३ साली, तामिळनाडूच्या कल्याणसुंदरमने केली होती.

"आता बोला," गणित म्हणते. "पंडित नसते तर? गुरबानी नसता तर?"

पंडितांचा हिशेब तर आणखीच डोळे दिपवणारा आहे. प्रशिक्षक म्हणून त्यांच्या नावावर रणजीची सहा विजेतेपदे आहेत: मुंबईकडे तीन, विदर्भाकडे २०१७-१८ आणि २०१८-१९ अशी लागोपाठ दोन, आणि २०२२ साली मध्य प्रदेशाचे पहिलेवहिले. ज्या बंगळूरच्या मैदानावर १९९९ साली ते स्वतः मध्य प्रदेशाचे कर्णधार म्हणून अंतिम सामना हरले होते, तेथेच तेवीस वर्षांनी त्यांनी तो करंडक मिळवून दिला. हा माणूस जेथे जातो तेथे करंडक येतो, असे कोणी म्हटले तर त्याला वेडा कसे ठरवावे?

आता इतिहासाची बाजू ऐका. पंडित २०२० साली विदर्भ सोडून गेले. पर्वत कोसळला काय? नाही. २०२४ च्या मार्चमध्ये विदर्भ पुन्हा अंतिम सामन्यात होता. तेथे मुंबईने १६९ धावांनी हरवले खरे. पण पुढच्याच वर्षी प्रशिक्षक उस्मान घनी आणि कर्णधार अक्षय वाडकर यांच्या संघाने करंडक घरी आणला. पंडितांचेही पुढचे वर्तमान पाहण्यासारखे आहे. ते कोलकात्याच्या आयपीएल संघाचे प्रशिक्षक झाले. २०२४ साली तो संघ जिंकला, तेव्हा श्रेयाचा मोठा वाटा लोकांनी मार्गदर्शक गौतम गंभीर यांच्या पदरात टाकला. २०२५ साली तोच संघ आठवा आला, तेव्हा पंडितांना निरोप मिळाला. म्हणजे जय झाला तर दुसऱ्याची करंगळी आणि पराजय झाला तर आपली! एकनायकवादाचा हा न्याय ज्याच्या वाट्याला येतो त्यालाच तो कळतो.

वसीम जाफरचे उदाहरण घ्या. या फलंदाजाने रणजीचे दहा करंडक जिंकले, आठ मुंबईबरोबर आणि दोन विदर्भाबरोबर. शकुनाचा माणूसच म्हणावयाचा. पण तो विदर्भाकडे आला २०१५-१६ साली. त्या वर्षी करंडक काही आला नाही. माणूस तोच, बॅट तीच. भोवतालचे दहा जण तयार व्हावयाचे होते, ते दोन वर्षांनी झाले. मग त्याच जाफरने २०१८-१९ च्या हंगामात हजारावर धावा केल्या आणि दुसरा करंडकही आला.

आणि इंदूरचा तो सामना? त्यात गुरबानीने आठ बळी घेतले. पण समोरचा संघ दोनदा बाद करावयाचा तर बळी वीस लागतात. उरलेले बारा कोणी घेतले? पहिल्याच षटकात दिल्लीचा सलामीवीर शून्यावर परत पाठवला तो आमच्या अकोल्याच्या आदित्य ठाकरेने. उमेश यादव भारतीय संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेला गेला, म्हणून या १९ वर्षांच्या मुलाला प्रथम श्रेणीचा पहिलाच सामना मिळाला, तोही अंतिम! दुसऱ्या डावात अक्षय वखरेने चार बळी घेतले. आणि बळी कितीही घेतले तरी धावा कोणी काढावयाच्या? विदर्भाच्या ५४७ धावांत वाडकरच्या १३३ होत्या. खालच्या क्रमांकावर येऊन आदित्य सरवटेने ७९ आणि सिद्धेश नेरळने ७४ केल्या. या काठ्या नव्हेत तर काय?

उलट दिल्लीकडे पाहा. त्यांच्या पहिल्या डावातील २९५ धावांपैकी १४५ एकट्या ध्रुव शोरीच्या. जवळजवळ निम्मा डाव एकाने उभा केला, आणि दिल्ली नऊ गड्यांनी हरली. करंगळी होती, काठ्या नव्हत्या.

पुढची गंमत अशी, की हाच शोरी पुढे विदर्भाकडून खेळू लागला. २०२५ च्या अंतिम सामन्यात त्याच्या बॅटने काही फार पराक्रम केला नाही. पण करंडक त्याच्या हाती आला. त्याच सामन्यात केरळकडून कोण खेळत होता? आदित्य सरवटे! २०१९ च्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राचे अकरा बळी घेणारा, चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत गारद करणारा, ज्याला आम्ही सर्वांनी त्या वेळी विदर्भाची करंगळी म्हटले होते, तोच. केरळसाठी त्याने ७९ धावा केल्या, दुसऱ्या डावात चार बळी घेतले. सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक विदर्भाला मिळाला. म्हणजे १४५ धावांचा नायक हरला, साध्या धावांचा भागीदार होऊन जिंकला. आणि अकरा बळींचा नायक दुसऱ्या गावी जाऊन तसाच खेळला व हरला. दोघांचेही कसब होते तेथेच होते. बदलली ती संगत.

क्रिकेटच्या नियमांतच ही गोष्ट लिहून ठेवलेली आहे, हे आमच्या ध्यानात फार उशिरा आले. गोलंदाज कितीही मोठा असो, त्याला लागोपाठ दोन षटके टाकता येत नाहीत. दुसऱ्या टोकाने कोणीतरी लागतोच. फलंदाज कितीही मोठा असो, दहा सोबती बाद झाले की अकराव्याचा डाव संपतो. नाबाद असला तरी एकट्याने खेळावयाची सोय नाही. ज्यांनी हा खेळ रचला त्यांना एकट्याचा मोह ठाऊक असला पाहिजे.

"पण सर्वच खेळ असे नसतात," गणिताचे सहकारी म्हणाले, आणि त्यांनी अमेरिकेचा दाखला काढला. त्यांचे चिरंजीव तिकडे असतात. तिथे फुटबॉल म्हणून जो खेळ खेळतात त्यात पायाचा संबंध बेताचाच. लांबुळका चेंडू हाती घेऊन चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावयाचे. प्रत्येक प्रयत्नात चेंडू प्रथम एकाच गड्याच्या हाती येतो. त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. कोणाकडे फेकावयाचा, कोणाच्या हाती द्यावयाचा, हे तो दोन-तीन सेकंदांत ठरवतो. त्याच्यासारखा अधिकार आमच्या प्राचार्यांनाही नाही! टॉम ब्रॅडी नावाच्या गड्याची २००० साली निवड झाली ती १९९ व्या क्रमांकावर. त्याने सात अजिंक्यपदे मिळवली. सहा न्यू इंग्लंडकडे. मग २०२० साली तो टँपा बे संघाकडे गेला, त्या संघाने तोच हंगाम जिंकला आणि न्यू इंग्लंडला बाद फेरीही गाठता आली नाही. एकनायकवादाला याहून मोठा पुरावा कोणता हवा?

इतिहासानेही मग ग्रंथालयात दोन दिवस घालवले. डॅन मरिनो नावाचा क्वार्टरबॅक, चेंडू फेकण्यात त्याच्या काळात अद्वितीय, सतरा वर्षे खेळला. अजिंक्यपद एकही नाही. उलट २००० च्या हंगामात बाल्टिमोर जिंकले ते बचावाच्या बळावर. सोळा सामन्यांत त्यांनी प्रतिपक्षाला अवघे १६५ गुण दिले. त्यांचा क्वार्टरबॅक ट्रेंट डिल्फर. त्याला तर अजिंक्यपदानंतर संघाने निरोपच दिला! आणि मुख्य म्हणजे चेंडू प्रतिपक्षाकडे गेला, की हा राजा मैदानाबाहेर बाकावर बसतो. बचावाला वेगळेच अकरा जण उतरतात. शिवाय त्याला ते दोन-तीन सेकंद मिळतात तेही पुढे उभ्या राहिलेल्या पाच धिप्पाड गड्यांच्या छातीमुळे. त्या पाचांची नावे तिकडच्या पोरांनाही चटकन सांगता येत नाहीत म्हणे.

अमेरिकेला कशाला जावयाचे? आपल्या कबड्डीत चढाई करणारा असाच राजा. ज्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनला जाऊन जगाला कबड्डी दाखवली, त्या गावात हे कोणाला सांगावयास नको. प्रदीप नरवालने प्रो कबड्डीत पाटण्याला लागोपाठ तीन विजेतेपदे मिळवून दिली. २०१७ च्या हंगामात चढाईचे ३६९ गुण एकट्याने घेतले. २०२१ साली उत्तर प्रदेशाच्या संघाने त्याला १ कोटी ६५ लाख रुपये मोजून घेतले. विजेतेपद मात्र आले नाही. आणि विराट कोहली? २०१६ च्या आयपीएलमध्ये त्याच्या ९७३ धावा. बंगळूर अंतिम सामना हरले. अजिंक्यपद आले ते २०२५ साली, अठराव्या हंगामात. त्या वर्षी साखळीतल्या शेवटच्या सामन्यात २२८ धावांचे आव्हान होते. ३३ चेंडूंत नाबाद ८५ करून ते पार नेले आमच्या अमरावतीच्या जितेश शर्माने. अमरावतीत त्या रात्री फटाके वाजले. पण मुखपृष्ठावर छायाचित्र कोणाचे आले ते सांगावयास नको.

तेव्हा निवाडा काय? आम्ही दोन्ही पक्षांना व्याकरणाचा दाखला दिला. 'विदर्भाने दिल्लीला हरवले' हे वाक्य घ्या. शाळेत हा भावे प्रयोग शिकवतात. कर्ता बदला, 'मुलांनी दिल्लीला हरवले', 'त्याने दिल्लीला हरवले', क्रियापद हलत नाही. कर्ता आहे, त्याच्यावाचून वाक्य उभे राहत नाही. पण क्रियापदावर त्याची सत्ता नाही. सांघिक यशाचे वाक्य हे असे असते. आपण मात्र ते कर्तरी प्रयोगात वाचतो.

विनोद बाजूला ठेवून सांगावयाचे तर आमचे मत असे. एकाचा वाटा किती, हे आपण किती काळाचा हिशेब मांडतो त्यावर अवलंबून आहे. एका तासाचा मांडला तर गुरबानीचा वाटा जवळजवळ सगळा. एका सामन्याचा मांडला तर विसांत आठ किंवा बारा. हंगामाचा मांडला तर त्याच वर्षी कर्णधार फैज फजलने केलेल्या ९१२ धावा जमेस धराव्या लागतात आणि गुरबानीचे ३९ बळी त्यांच्या शेजारी बसतात. आणि दहा वर्षांचा हिशेब मांडला तर? २०१८ चा नायक गुरबानी, २०१९ चा सरवटे, २०२५ चा हर्ष दुबे, ज्याने एका हंगामात ६९ बळींचा विक्रम केला. नायक दर वेळी नवा, करंडक तोच. मग दहा वर्षांचा नायक कोण? ती मैदाने, ती अकादमी, गोलंदाजांना घडवणारे सुब्रतो बॅनर्जींसारखे शिक्षक, आणि बाहेरून आलेल्या खेळाडूंना आपले मानणारी ड्रेसिंग रूम.

हा केवळ चहाच्या पेल्यातला वाद असता तर आम्ही इतकी शाई खर्चली नसती. यात एक दुखरी गोष्ट आहे. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या संघाने आंतर-महाविद्यालयीन स्पर्धा जिंकली. कर्णधाराचा सत्कार झाला, वार्षिकात त्याचे पानभर छायाचित्र आले. यष्टिरक्षक पोरगा दर्यापूरकडचा. अंतिम सामन्यात त्याने चार झेल घेतले होते. त्याचे वडील धोतराचा सोगा सावरीत आमच्याकडे आले आणि ते वार्षिक उघडून म्हणाले, "सर, माह्या पोराचं नाव कोठी हाये यात?" आम्ही पाने उलटली. नाव नव्हते. वडील रागावले नाहीत. "असू द्या," म्हणाले, "त्याची माय इचारे, म्हून आलो." पुढच्या वर्षी त्या मुलाने हातमोजे ठेवून दिले आणि कपाशीच्या कामाला लागला.

असे हातमोजे वऱ्हाडात किती घरांच्या कोनाड्यांत पडले असतील? अकोल्याहून नागपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, अमरावतीहून दीडशे. निवड-चाचणीसाठी पहाटेची गाडी धरणारी पोरे शेकड्यांनी आहेत. त्यांतला एखादा आदित्य ठाकरे होतो, एखादा अथर्व तायडे. २०२५ च्या इराणी चषकात शेष भारताविरुद्ध १४३ धावा करून विदर्भाला विजयाच्या वाटेवर नेणारा तायडे आमच्या अकोल्याचाच. ठाकरे आणि तायडे दोघेही अकोला क्रिकेट क्लबच्या मैदानावर घडले. तेथे त्यांना रोज चेंडू टाकणारी, त्यांचे चेंडू खेळणारी जी पोरे होती, ती नसती तर या दोघांनी सराव कोणाबरोबर केला असता? भिंतीबरोबर?

एकनायकवाद सोयीचा आहे, म्हणूनच तो टिकतो. एका माणसाला शाल, श्रीफळ आणि खुली जीप पुरते. मैदानाला रोलर लागतो, पाणी लागते, माळी लागतो. बारा वर्षांच्या पोराला बूट आणि गाडीभाडे लागते, आणि हे सगळे दर वर्षी लागते. सत्काराला उत्सवमूर्ती मिळते, रोलरला मिळत नाही. म्हणून पुढारी सत्काराला येतात. पण पुढला नायक जन्मतो तो रोलर फिरलेल्या मैदानावर. खुल्या जीपमध्ये नव्हे.

आणि त्या नायकाची तरी यात धडगत आहे काय? ज्याला आपण सगळे यश देतो त्याच्याच माथी सगळे अपयश मारतो. विशी-बाविशीतल्या पोराने एक झेल सोडला, की गावभर त्याचे नाव होते. काठ्या मोजल्या असत्या तर त्याच्या करंगळीवरचा भारही थोडा हलका झाला असता.

तेव्हा वाचकहो, यंदाच्या दिवाळीत गल्लीत पोरे क्रिकेट खेळताना दिसली, तर शतक कोणी ठोकले हे विचाराच. पण समोरच्या टोकाला कोण उभा होता, हेही एकदा विचारा. त्याचे नाव लक्षात ठेवा. आणि तुमच्या शाळेचे, कॉलेजचे वार्षिक छापावयास जात असेल, तर अकराही नावे आली आहेत ना, हे प्रूफ तपासताना मोजून पाहा. बाराव्या गड्याचेही घाला. एका ओळीला लागणारी शाई फार नसते.